जुन्या संगणकातील नवी डिस्क

संगणकाचा कोणता भाग प्रथम निकामी होईल हे निश्चित सांगता येत नाही. परंतु कोणता भाग निकामी झाला असता सर्वाधिक हानी होते, हे मात्र सांगता येते. पडदा बिघडला, कळफलक झिजला किंवा वीजपुरवठ्याची पेटी जळाली, तर तशीच दुसरी वस्तू बाजारातून आणून बसविता येते. हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी आहे. डिस्क नवी मिळते, पण तिच्यावर साठविलेल्या नोंदी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणूनच जुन्या संगणकात नवी डिस्क बसविणे हे केवळ एक सुटा भाग बदलण्याचे काम नाही. त्यात वर्षानुवर्षांच्या श्रमाचे स्थलांतर असते आणि ते स्थलांतर व्यवस्थित पार पाडावयाचे असेल, तर डिस्कचे काम कसे चालते याची थोडी माहिती असणे आवश्यक आहे.

हा प्रश्न दिल्लीसारख्या शहरात विशेष जाणवतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ साली झाली आणि तेव्हापासून राजधानीतील सरकारी कचेऱ्यांत संगणकाचा प्रवेश क्रमाक्रमाने होत गेला. १९८८ साली दिल्लीतील ग्रंथालयांना एकमेकांशी जोडणाऱ्या ‘डेलनेट’चे काम सुरू झाले. युनेस्कोने उपलब्ध करून दिलेल्या ‘सीडीएस/आयसिस’ या प्रणालीवर भारतातील अनेक ग्रंथालयांनी आपल्या संग्रहांच्या सूची तयार केल्या. त्या काळानंतर संगणकांच्या कित्येक पिढ्या झाल्या. तरीही एखाद्या ग्रंथालयाच्या, लहान मुद्रणालयाच्या किंवा संस्थेच्या कार्यालयाच्या कोपऱ्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक अद्याप चालू असलेला आढळतो. त्यामागे केवळ काटकसर नसते. त्या यंत्रावरील एखादी प्रणाली नव्या यंत्रावर चालत नाही. एखादा जुना मुद्रक नव्या यंत्राला जोडता येत नाही. किंवा मराठी अक्षरजुळणीचा जो संच त्यावर आहे, तो अन्यत्र उघडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला मिळणारे नेहमीचे पाठबळ संपले. तिच्या पुढील आवृत्तीच्या अटी पुष्कळशा जुन्या यंत्रांना पुऱ्या करता येत नाहीत. त्यामुळे चालू स्थितीतील संगणक मोडीत काढावा की त्याचे आयुष्य वाढवावे, हा निर्णय आज अनेकांपुढे आहे.

दिल्लीत या निर्णयाचे दोन मार्ग दोन वेगवेगळ्या वस्त्यांकडे जातात. दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही १९७०च्या दशकात आकाराला आलेली व्यापारी वसाहत आज संगणकाच्या सुट्या भागांची देशातील एक प्रमुख बाजारपेठ मानली जाते. फरसबंद चौकाभोवती उभ्या असलेल्या तेथील बहुमजली इमारतींत नव्या डिस्का मिळतात, तसेच जुन्या मदरबोर्डाला चालणाऱ्या केबली आणि जोडणीचे लहानसहान भागही मिळतात. यमुनेच्या पलीकडे, ईशान्य दिल्लीत सीलमपूर आहे. टाकून दिलेले संगणक तेथे येतात आणि हातांनी फोडले जातात. तांब्यासाठी केबली जाळणे, सोन्याच्या अंशासाठी सर्किटच्या पाट्या आम्लात बुडविणे, अशा रीतींनी दिल्लीच्या या बाजूच्या वस्त्यांत धातू काढले गेल्याचे वारंवार नोंदविले गेले आहे. त्यातून उठणारा धूर आणि जमिनीत मुरणारे शिसे यांचे परिणाम तेथील श्रमिकांना आणि त्यांच्या मुलांना भोगावे लागतात. एका नव्या डिस्कमुळे एखादा संगणक आणखी पाच वर्षे चालला, तर तो या दुसऱ्या वाटेवर तितका उशिरा जातो. नव्या डिस्कचा विचार करताना ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

डिस्कची रचना

पहिली व्यापारी हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम या कंपनीने आपल्या ‘रॅमॅक’ संगणकासाठी तयार केली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या दांड्यावर बसविलेल्या होत्या आणि एवढ्या मोठ्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. १९८० साली सीगेट कंपनीने घरगुती संगणकाच्या पेटीत मावेल अशी डिस्क बाजारात आणली; तिचीही क्षमता ५० लाख बाइटांचीच, म्हणजे ५ मेगाबाइट होती. आज साडेतीन इंची डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. आकार आणि क्षमता बदलली, परंतु मूळ तत्त्व बदलले नाही. धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत चकतीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या या वेगाने फिरते आणि तिच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर उंचीवर एक सूक्ष्म शीर्ष तरंगत राहून त्या थरावर लिहिते व वाचते. मानवी केसाची जाडी या अंतराच्या हजारो पट असते. यावरून, चालू डिस्कला बसलेला धक्का एवढा घातक का ठरतो आणि डिस्कची पेटी घरी कधीही का उघडू नये, हे लक्षात येईल.

चकतीवरील जागा एकसंध वापरली जात नाही. तिचे असंख्य लहान तुकडे पाडलेले असतात आणि त्या प्रत्येकास सेक्टर म्हणतात. दीर्घकाळपर्यंत एका सेक्टरात ५१२ बाइट मावत असत. हे तुकडे पाडण्याचे मूलभूत काम एके काळी विकत घेणाऱ्यालाच करावे लागे. आता ते कारखान्यातच पूर्ण होते. तेव्हा नवी डिस्क हाती येते ती कोरी असली तरी आखलेली असते. तिला अनुक्रमांक घातलेल्या, परंतु अद्याप एकही पुस्तक न ठेवलेल्या मांडण्यांची उपमा देता येईल. दालने कोणती, सूची कोठे ठेवावयाची, दार उघडताच प्रथम कोठे जावयाचे, हे सारे ठरविणे अजून शिल्लक असते. डिस्क वापरासाठी तयार करणे म्हणजे हीच व्यवस्था लावणे होय.

मोजणीची मर्यादा

येथे जुन्या संगणकाचा खरा प्रश्न उपस्थित होतो. नवी डिस्क जुन्या यंत्राला ओळखता का येत नाही, असे विचारले तर बहुधा ‘ती फार मोठी आहे’ असे उत्तर मिळते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. अडचण डिस्कच्या आकारात नसून संगणकाच्या मोजण्याच्या रीतीत असते. संगणक सेक्टर मागतो तो क्रमांकाने. तो क्रमांक लिहिण्यासाठी त्याच्याजवळ ठरावीक घरे असतात. एखाद्या छापील अर्जावर घरक्रमांकासाठी चारच चौकटी असतील, तर ९,९९९ नंतरचे घर त्या अर्जावर लिहिताच येत नाही. ते घर अस्तित्वात असते, पण अर्जाच्या दृष्टीने नसते. संगणकाच्या इतिहासात अशा चौकटी वारंवार अपुऱ्या पडल्या आहेत.

सुरुवातीच्या संगणकांत सेक्टरचा पत्ता तीन अंकांनी सांगत: वर्तुळपट्टा कितवा, शीर्ष कितवे आणि पट्ट्यावरील सेक्टर कितवा. १,०२४ पट्टे, १६ शीर्षे आणि ६३ सेक्टर यांचा गुणाकार करून त्यास ५१२ ने गुणले, तर ५२,८४,८२,३०४ बाइट होतात. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक यंत्रे या ५२८ मेगाबाइटच्या पुढे पाहू शकत नसत. पुढे शीर्षांची संख्या कागदोपत्री वाढवून ही मर्यादा ८.४ गिगाबाइटपर्यंत नेण्यात आली. त्यानंतर तीन अंकांची पद्धत सोडून सर्व सेक्टरांना एकच सलग क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. या क्रमांकासाठी २८ द्विमान अंक राखून ठेवलेले होते. त्यामुळे २६,८४,३५,४५६ सेक्टर मोजता येत. म्हणजे सुमारे १३७ गिगाबाइट. नव्या शतकाच्या आरंभी ही मर्यादाही ओलांडली गेली आणि पत्ता ४८ अंकांचा करण्यात आला. परंतु जी यंत्रे त्यापूर्वी तयार झाली, त्यांना आपोआप नवी मोजणी येत नाही. २००१ साली निघालेल्या ‘विंडोज एक्सपी’च्या मूळ आवृत्तीतही ही सोय नव्हती; २००२ सालच्या पहिल्या सुधारणासंचाने ती आली.

या मर्यादेचा धोका लक्षात घेण्याजोगा आहे. संगणकाने मोठी डिस्क सरळ नाकारली, तर नुकसान होत नाही. परंतु कित्येकदा यंत्राचा एक भाग मोठी डिस्क स्वीकारतो आणि दुसऱ्या भागाला मात्र तिची पूर्ण मोजणी येत नाही. डिस्क काही महिने सुरळीत चालते, कारण आरंभीचा भागच वापरात असतो. मजकूर १३७ गिगाबाइटच्या पलीकडे जाऊ लागला की मोठा क्रमांक चौकटीत न मावल्याने त्याचे पुढचे अंक गळतात आणि शेवटी लिहावयाचा मजकूर आरंभीच्या सेक्टरांवर जाऊन पडतो. तेथे नेमकी साऱ्या डिस्कची सूची असते. कोणतीही पूर्वसूचना न मिळता सर्व नोंदी अशा रीतीने नष्ट होऊ शकतात.

आणखी एक मर्यादा आजच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. डिस्कच्या विभागांची जुनी नोंद, जिला एमबीआर म्हणतात, ती ३२ अंकी क्रमांक वापरते. ५१२ बाइटांच्या सेक्टरात हिशेब केला, तर ही नोंद सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतच पोहोचते. त्यापुढील डिस्कसाठी जीपीटी नावाची नवी नोंदपद्धत आहे. ती ६४ अंकी क्रमांक वापरते आणि आपली एक प्रत डिस्कच्या अखेरीसही ठेवते. परंतु ‘विंडोज एक्सपी’च्या नेहमीच्या ३२ बिटी आवृत्तीला जीपीटी वाचता येत नाही, आणि जुन्या बायोसवर चालणाऱ्या यंत्रांत विंडोजच्या पुढील आवृत्त्याही अशा डिस्कवरून सुरू होत नाहीत.

खरेदीपूर्वी

वरील विवेचनावरून व्यवहारातील पहिला नियम सहज निघतो. जुन्या संगणकासाठी डिस्क निवडताना ‘सर्वांत मोठी कोणती’ असे न विचारता, ‘या यंत्राला मोजता येईल एवढी कोणती’ असे विचारावे. सर्वसाधारणपणे २००३ नंतरच्या यंत्रांना ५०० गिगाबाइट ते १ टेराबाइट क्षमतेची डिस्क पुरेशी होते आणि ती २.२ टेराबाइटच्या मर्यादेच्या आतही राहते. त्याहून जुन्या यंत्रासाठी मदरबोर्डाची माहितीपुस्तिका पाहणे किंवा बायोसची सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे काय याचा शोध घेणे इष्ट होय.

दुसरी पाहणी जोडणीची. जुन्या यंत्रांत ४० छिद्रांची रुंद, चपटी केबल असे. तिला आयडीई जोडणी म्हणतात. २००३च्या सुमारास साटा ही अरुंद केबलीची जोडणी बाजारात आली आणि पुढील काही वर्षांत तिने आयडीईची जागा घेतली. आज नव्या डिस्का साटा जोडणीच्या मिळतात. म्हणून केवळ आयडीई असलेल्या संगणकात, दोहोंच्या मध्ये बसणारा लहान परिवर्तक किंवा मदरबोर्डाच्या खाचेत बसणारे साटा कार्ड लावावे लागते. आरंभीच्या काही साटा यंत्रणांना पुढील अधिक वेगाच्या डिस्का ओळखता येत नसत. अशा वेळी डिस्कच्या मागील बाजूस एक जंपर लावून तिचा वेग कमी करण्याची सोय काही उत्पादकांनी केलेली होती.

फिरत्या डिस्कऐवजी घन स्मृतीची, म्हणजे एसएसडी या नावाने विकली जाणारी डिस्क घ्यावी काय, असाही प्रश्न येतो. तीत फिरणारा भाग नसतो; ती कमी वीज घेते, कमी तापते आणि जुन्या यंत्राची मंद गती तिच्यामुळे लक्षणीयरीत्या सुधारते. दिल्लीचा उन्हाळा आणि धूळ यांचा विचार करता हा गुण लहान नाही. परंतु ती पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडू शकते आणि दीर्घकाळ विजेशिवाय ठेवल्यास तिच्यातील मजकूर विरण्याचा संभव असतो. रोजच्या कामासाठी ती उत्तम. कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवावयाच्या एकमेव प्रतीसाठी नव्हे.

तिसरी पाहणी संगणकाच्या स्वतःच्या प्रकृतीची. मदरबोर्डावरील गोल नळकांडी फुगलेली असतील किंवा त्यांतून द्रव झिरपलेला असेल, तर नव्या डिस्कवर खर्च करणे व्यर्थ होय. मदरबोर्डावर तीन व्होल्टची एक नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. तारीख आणि बायोसमधील नोंदी ती सांभाळते. ती मृत झाली असेल, तर संगणक प्रत्येक वेळी सारे विसरतो आणि दोष विनाकारण नव्या डिस्कवर येतो. ही बॅटरी आधी बदलावी.

आधी प्रत, मग बदल

डिस्क आणल्यावर ती तत्काळ बसविण्याचा मोह होतो. तो आवरून प्रथम जुन्या डिस्कवरील मजकुराची प्रत अन्यत्र घ्यावी. जुनी डिस्क खटखट असा आवाज करीत असेल किंवा मध्येच थांबत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. जे वाचता येते ते लगेच उतरवून घ्यावे, आणि तेही सर्वांत मोलाच्या नोंदींपासून आरंभ करून.

मराठीत काम करणाऱ्यांनी येथे विशेष दक्षता घ्यावयास हवी. युनिकोडचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वीचा मराठी मजकूर बहुधा विशिष्ट अक्षरसंचाच्या सांकेतिक क्रमाने साठविलेला असतो. संगणकाच्या दृष्टीने तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असतो. त्या अक्षरसंचाच्या योगानेच तो देवनागरीत दिसतो. एखाद्या संस्थेची पंचवीस वर्षांची इतिवृत्ते नव्या डिस्कवर सुखरूप आली, पण अक्षरसंच जुन्या डिस्कवरच राहिला, तर मजकूर असूनही वाचता येणार नाही. यास्तव कागदपत्रांबरोबर अक्षरसंचांचा संपूर्ण कप्पा आणि अक्षरजुळणीच्या प्रणालीची मूळ सीडीही जपावी. आणि काही पाने नमुन्यादाखल कागदावर छापून ठेवावीत. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करताना ताडून पाहण्यासाठी ती उपयोगी पडतात.

जोडणी

काम आरंभण्यापूर्वी वीज बंद करून केबल भिंतीतून काढावी. कोरड्या हवेत लोकरी स्वेटर घातलेल्या माणसाच्या शरीरावर स्थितिक विद्युत साचते. दिल्लीच्या हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावताच बसणारा चटका हा तिचाच. तेवढ्या चटक्याने डिस्कचे इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. म्हणून प्रथम संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श करून मगच डिस्क हाताळावी आणि ती कडेने धरावी.

आयडीई केबलीवर दोन उपकरणे असतील, तर एकास मुख्य आणि दुसऱ्यास दुय्यम असे जंपरच्या साहाय्याने सांगावे लागते. दोन्ही मुख्य राहिली तर बहुधा एकही नीट दिसत नाही. साटा जोडणीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असल्याने हा प्रश्न येत नाही. डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवावी, कारण सैल डिस्कचे कंपन तिच्या शीर्षाला बाधक ठरते. तिच्या सभोवार हवा खेळती राहील एवढी जागा सोडावी. ज्या शहरात मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे बंद पेटीतील तापमान किती वाढत असेल याची कल्पना करता येईल.

संगणक सुरू करून बायोसमध्ये डिस्कचे नाव आणि क्षमता योग्य दिसते काय हे पाहावे. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइटची दिसली, तर फसवणूक झाली असे समजू नये. उत्पादक एक हजाराच्या पटीत मोजतो आणि कार्यप्रणाली १,०२४च्या पटीत. जागा तेवढीच असते. परंतु ५०० गिगाबाइटची डिस्क १३७ गिगाबाइटच्या आसपास दिसली, तर मात्र तेथेच थांबावे. आधी वर्णन केलेल्या मर्यादेशी आपली गाठ पडली आहे असे समजावे.

विभाग आणि सूची

डिस्क ओळखली गेली की तिचे विभाग पाडावयाचे. जुन्या नोंदपद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरास विशेष महत्त्व असते. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइटांत संगणक सुरू करणारा छोटा कार्यक्रम असतो, ६४ बाइटांत चार विभागांच्या सीमा लिहिलेल्या असतात आणि उरलेल्या २ बाइटांत ओळखीची खूण असते. शेकडो गिगाबाइटांचा सारा कारभार या ६४ बाइटांवर अवलंबून असतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विभाग निदान दोन करावेत: एक कार्यप्रणालीसाठी आणि दुसरा स्वतःच्या कामासाठी. पुढे कार्यप्रणाली नव्याने टाकण्याची वेळ आली, तरी कामाच्या विभागाला हात लागत नाही.

विभाग कोठून सुरू होतो यालाही महत्त्व आहे. २०१०च्या सुमारापासून डिस्कमधील सेक्टर प्रत्यक्षात ४,०९६ बाइटांचे होऊ लागले. जुन्या यंत्रांना समजावे म्हणून डिस्क ते ५१२ बाइटांच्या आठ तुकड्यांसारखे दाखविते. ‘विंडोज एक्सपी’ पहिला विभाग ६३व्या क्रमांकाच्या सेक्टरापासून सुरू करते. ६३ला आठने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे प्रणालीचा प्रत्येक ठोकळा दोन खऱ्या सेक्टरांवर अर्धामुर्धा पडतो आणि एकदा लिहिण्यासाठी डिस्कला दोन सेक्टर वाचून पुन्हा लिहावे लागतात. यंत्र चालते, पण मंद चालते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे. विभाग एखाद्या नव्या संगणकावर किंवा लिनक्सच्या सीडीवरून पाडावेत. या प्रणाली पहिला विभाग २,०४८व्या सेक्टरापासून सुरू करतात आणि त्या संख्येस आठने पूर्ण भाग जातो.

यानंतर प्रत्येक विभाग फॉरमॅट करावयाचा, म्हणजे त्यात सूचीची व्यवस्था निर्माण करावयाची. फॅट३२ ही सूचीपद्धती जवळजवळ सर्व प्रणालींना वाचता येते, परंतु तीत एक फाइल ४ गिगाबाइटहून मोठी असू शकत नाही आणि वीज गेली असता सूची विस्कळीत होण्याचा धोका अधिक असतो. एनटीएफएस पद्धतीत सूचीतील प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद होत असल्याने अशा आघातातून ती बहुधा सावरते. विंडोज २००० व त्यानंतरच्या यंत्रांसाठी एनटीएफएस अधिक योग्य होय. ‘विंडोज ९८’सारख्या प्रणालींना मात्र ती समजत नसल्याने तेथे फॅट३२वाचून गत्यंतर नाही. नव्या डिस्कचे पहिले फॉरमॅट घाईचे न करता पूर्ण करावे. त्यास काही तास लागतात, परंतु तेवढ्यात प्रत्येक सेक्टरची परीक्षा होते आणि डिस्क सदोष असेल, तर ते हमीची मुदत असतानाच समजते.

कार्यप्रणाली टाकताना ‘विंडोज एक्सपी’च्या मूळ सीडीला साटा डिस्क दिसत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. बायोसमध्ये साटाची कार्यपद्धती आयडीईसमान ठेवली असता ही अडचण बहुधा दूर होते. या कार्यप्रणालीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेले आहे. तेव्हा एखाद्या जुन्या प्रणालीसाठी ती ठेवावयाची असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावा. इतर कामासाठी लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या अधिक सुरक्षित आहेत.

जुन्या डिस्कचे काय करावे

नवी डिस्क सुरळीत चालू लागली की जुनी भंगारात देण्याची घाई करू नये. काही महिने ती कोरड्या जागी, पिशवीत गुंडाळून ठेवावी. एखादी विसरलेली फाइल या काळात आठवते.

ती देण्यापूर्वी मजकूर खरोखर नष्ट करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. फाइल काढून टाकली किंवा घाईने फॉरमॅट केले, तर सूचीतील नोंद तेवढी जाते. सेक्टरांतील मजकूर तसाच राहतो. सूचीपत्र फाडले म्हणून पुस्तके नाहीशी होत नाहीत, तसेच हे आहे. ‘विंडोज एक्सपी’चे पूर्ण फॉरमॅटही जुना मजकूर पुसत नाही, ते केवळ सेक्टर तपासते. म्हणून साऱ्या डिस्कवर आरंभापासून अखेरपर्यंत शून्ये लिहिणारी प्रणाली वापरावी. घन स्मृतीच्या डिस्कसाठी उत्पादकाने दिलेली स्वतंत्र पुसण्याची आज्ञा असते. डिस्क मुळीच फिरत नसेल, तर तिच्या चकत्या निकामी करणे एवढाच मार्ग राहतो. सभासदांचे पत्ते, वेतनाचे तक्ते, खात्यांचे क्रमांक अशा गोष्टी भंगाराच्या गाडीवर जाऊ देणे कोणत्याही संस्थेला शोभणारे नाही.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधीचे नियम भारतात प्रथम २०११ साली करण्यात आले आणि १ मे २०१२ पासून ते अमलात आले. २०२२ साली केलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जावयास हवा. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला डिस्क देणे सोपे असते. परंतु तेथून ती कोठे जाते आणि कोणाच्या हातांनी फोडली जाते, हे वर आलेच आहे.

शेवटी एक लहान सूचना. नवी डिस्क बसविल्याची तारीख, तिची क्षमता, तिच्यावरील विभाग, निवडलेली सूचीपद्धती आणि बायोसमध्ये केलेले बदल एका कागदावर लिहून तो कागद संगणकाच्या पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवावा. हीच माहिती ग्रंथालयाच्या किंवा कार्यालयाच्या नोंदवहीतही लिहावी. दर महिन्यास मजकुराची प्रत घ्यावी आणि त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून ती खरोखर वाचता येते काय हे पाहावे. ही डिस्कही कधी ना कधी निकामी होईल. तेव्हा ती बदलणारी व्यक्ती बहुधा दुसरीच असेल आणि तिला हा कागद व ही प्रत यांचाच आधार असेल.